फुलचुकी नीट काढा

फोटो काढणं मारुतीरावांना येत नव्हतं, आणि ही गोष्ट एक ते स्वतः सोडले तर सगळ्या शहापुराला ठाऊक होती. माणूस मूळचा कंग्राळी गावचा, शेतकऱ्याच्या घरातला, पण मॅट्रिक होऊन शेजारच्या बेळगावातल्या एका हायस्कुलात हेडक्लार्क झालेला. हेडक्लार्कला एखादी गोष्ट येत नाही म्हणजे ती अजून त्याच्या टेबलावर आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ, असं ते मानत. फुलचुकी त्यांच्या टेबलावर आली ती त्यांच्या बायकोमुळे.

मालुबाईंना क्षय झाला होता. लढाईचे दिवस होते, औषधं मिळत नव्हती, आणि मिळत होती त्यांचा उपयोग होत नव्हता. डॉक्टरांनी मिरजेकडच्या एका क्षयाच्या दवाखान्यात लिहून विचारलं होतं. अक्षय तृतीयेच्या सुमारास एक खाट रिकामी होईल, असं तिकडून उत्तर आलं. खाट रिकामी होईल ती कशी होईल, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मारुतीरावांनी विचारलं नाही.

तोवर मालुबाई मागच्या सोप्यात परड्याकडच्या खिडकीशी पडून असत. खिडकीबाहेर तांबडी जास्वंद होती आणि तिच्यावर रोज सकाळी एक फुलचुकी यायची. अंगठ्याएवढं पाखरू. सावलीत बघाल तर काळं, उन्हात आलं की निळंजांभळं झळकायचं, आणि वाकडी चोच फुलाच्या बुडाशी खुपसून मध ओढायचं. असा झळकतो तो नर असतो, असं जाणते सांगतात. मालुबाईंनी मात्र ती बाईमाणूस ठरवून टाकली होती. एवढं नटून, इतक्या सकाळी उठून कामाला लागतंय ते बाईमाणूसच, असं त्यांचं म्हणणं. घरात मूलबाळ नव्हतं. फुलचुकीला यायला उशीर झाला की त्या तिला रागवत, आणि आली की गल्लीतल्या बातम्या सांगत.

एकदा खोकल्याची उबळ ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "तिकडं खिडकीत काय असंल कुणाला ठावं. हिचा एक फोटो असता तर बरोबर नेला असता."

लग्न झाल्यापासून मालुबाईंनी नवऱ्याजवळ काही मागितलं नव्हतं. पाटल्यासुद्धा नाहीत. मारुतीराव उठले, टोपी घातली आणि "आणतो" म्हणाले. जसे काही फुलचुकीचे फोटो खडेबाजारात टोपलीत घालून विकायलाच बसले होते.

हायस्कुलात तीन पायांवर उभा राहणारा एक जुना कॅमेरा होता. गॅदरिंगपुरता बाहेर यायचा आणि परत कपाटात जायचा. त्याच्यासोबत काचेच्या थोड्या प्लेटीही उरल्या होत्या. लढाईमुळे नवीन प्लेट मिळणं म्हणजे वाघाचं दूध मिळण्यापैकीच होतं. मारुतीरावांनी रीतसर अर्ज केला. अर्ज परत आला, कारण 'कारण' म्हणून त्यांनी 'फुलचुकी' लिहिलं होतं आणि फुलचुकी कोणत्या विषयात मोडते याचा खुलासा नव्हता. ड्रॉइंगमास्तर म्हणाले, हा सृष्टिज्ञानाचा भाग आहे. सृष्टिज्ञानाचे मास्तर म्हणाले, यंदा आम्हांला कावळा आणि बदक एवढेच नेमलेत. शेवटी हेडमास्तरांनी तो अर्ज कचेरीच्या अभिप्रायासाठी पाठवला, आणि कचेरी म्हणजे मारुतीरावच असल्यामुळे तो त्यांच्याच टेबलावर येऊन पडला. नियमाचा माणूस. त्यांनी स्वतःचा अर्ज कसून तपासला, सही जरा तिरकी वाटली म्हणून ताशेरा ओढला, स्वतःलाच एक दिवस ताटकळत ठेवलं आणि मग नाइलाजानं शिफारस केली.

कॅमेरा खांद्यावर टाकून ते गल्लीत शिरले आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. शेजारी परसू आणि त्याची बायको चंपाबाई राहत. परसूच्या घरात लुगड्यांचा हातमाग होता. गल्लीत असे माग घराघरांत होते आणि त्यांची खडखड सकाळपासून सुरू व्हायची. परसू हातातला धोटा थांबवून सल्ला द्यायचा आणि सल्ला संपला की पुन्हा धोटा मारायचा, त्यामुळे त्याचे सल्ले फार लांबत नसत. फुलाला साखरेचं पाणी लावा, हा पहिला सल्ला त्याचा. मारुतीरावांनी लावलं. फुलचुकी आली नाही, मुंग्या आल्या. आधी फुलाला, मग कॅमेऱ्याच्या पायांना आणि तिथून मारुतीरावांच्या धोतरात. ते ज्या वेगानं परड्यातून घरात आले तो वेग हेडक्लार्कच्या हुद्द्याला शोभणारा नव्हता.

समोरचे आण्णाप्पा पेन्शनर. त्यांनी सुचवलं की पाखरू धरावं, पायाला दोरा बांधावा आणि काम झालं की सोडावं. हे मालुबाईंच्या कानावर गेलं. त्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या हातचं दूध घेतलं नाही, तेव्हा तो सल्ला तिथंच राहिला. चंपाबाईंचा सल्ला असा की हा नादच सोडा. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, त्यांच्या मावससासऱ्याचा काढला आणि तो वर्षात गेला. मावससासरा ऐंशीचा होता हे त्यांनी सांगितलं नाही. ते परसूनं सांगितलं.

दरम्यान प्लेटी संपत होत्या. एकीवर नुसती जास्वंद आली. एकीवर पाखराच्या जागी धुराची रेघ आली. एकीवर मारुतीरावांचा स्वतःचा अंगठा आला, तो मात्र अगदी सुरेख, रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा.

मग आण्णाप्पांनी दुसरा तोडगा काढला. पाखरू कॅमेऱ्याला भीत नाही, माणसाला भितं. माणसानं झाडासारखं दिसावं. मारुतीरावांना हे पटलं, आणि हेच खरं दुर्दैव. भल्या सकाळी मालुबाईंचं हिरवं लुगडं डोक्यावरून पांघरून, कानाशी जास्वंदीचे डहाळे खोचून ते कुंपणाजवळ झाड होऊन उभे राहिले. आता शहापूर म्हणजे सांगलीकरांचं संस्थान आणि पलीकडचं बेळगाव म्हणजे इंग्रजांचा खालसा मुलूख. त्या कुंपणापलीकडे थोड्याच अंतरावर सरकार बदलत होतं. त्यात भूमिगत मंडळी बायकांच्या वेषात फिरतात अशी चौकीला वर्दी होती. संस्थानचा जमादार वाटेनं चालला होता. त्याला कुंपणाआड लुगडं नेसलेलं, मिशा असलेलं, खालसाच्या दिशेनं काहीतरी रोखून उभं राहिलेलं एक झाड दिसलं.

चौकीवर जाताना लुगडं काढू द्या, अशी मारुतीरावांनी विनंती केली. पुराव्याला हात लावायचा नाही, असं जमादार म्हणाला. तेव्हा वरात तशीच गल्लीतून गेली. चौकीत प्रश्न असा पडला की गुन्हा कुणाच्या हद्दीतला? माणूस उभा होता संस्थानात, कॅमेरा बघत होता खालसात, आणि ज्या पाखरावरून हे घडलं ते दिवसभर दोन्हीकडे ये-जा करत होतं, तेही परवान्याशिवाय. बराच खल झाल्यावर जमादाराला आठवलं की मेहुण्याच्या पोराचा शाळा सोडल्याचा दाखला याच माणसाच्या हातून निघायचाय. मग चहा आला आणि मारुतीराव सुटले. मात्र लुगडं घडी करून काखेत मारून परत येताना त्यांना वाटलं, आपण अब्रू चौकीतच विसरून आलो.

मालुबाईंना हे सगळं चंपाबाईंनी साग्रसंगीत सांगितलं. त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी पोटभर हसल्या, आणि हसता हसता रक्त पडलं. मारुतीराव भांडं धरून उभे होते. हसणं ऐकून बरं वाटावं की रक्त बघून रडावं, त्यांना कळेना. डोळे पुसायला हातात तेच हिरवं लुगडं होतं.

अक्षय तृतीया आली आणि मिरजेहून खाटेचा निरोपही आला. आता प्लेट एकच शिल्लक होती. मारुतीरावांनी मनाशी काहीतरी ठरवलं आणि कॅमेरा परड्यात न नेता सोप्यात आणून मालुबाईंच्या समोर उभा केला.

"पाखराचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ही तुझ्यावर घालवूया."

मालुबाईंनी पदर तोंडावर ओढला. "असलं वाळल्यालं त्वांड काढताय व्हय? बरी हून आल्यावर काढा माझा. आता तिचाच काढा." मग पदराआडूनच म्हणाल्या, "आणि हितनं काढा. मला दिसती तशी."

खिडकीतून काढावा हे इतके दिवस कुणालाच सुचलं नव्हतं. गल्लीचं सगळं शहाणपण परड्यात उभं होतं आणि खाटेवर पडलेल्या बाईला कुणी विचारलं नव्हतं.

कॅमेरा खाटेच्या उशाशी लागला. पण अडचण निघालीच. परसूचा माग भिंतीला भिंत लागून होता. धोटा फिरला की जमीन हादरायची, आणि जमीन हादरली की कॅमेरा. मारुतीरावांनी चंपाबाईंना सांगितलं, परसूला घटकाभर थांबायला सांगा. चंपाबाई गेल्या त्या परसूपाशी थांबल्या नाहीत. सबंध गल्ली फिरल्या. एकेक माग थांबत गेला आणि थोड्या वेळानं गल्लीत कसलाच आवाज उरला नाही. फोटोनं आयुष्य कमी होतं म्हणणारी बाई हीच.

विणकरांच्या गल्लीत सगळे माग एकदम थांबतात ते कुणीतरी गेल्यावर. मालुबाईंनी मान उचलली. "कोण गेलं हो?"

"कुणी न्हाय," मारुतीराव म्हणाले. "तुझ्या पाखरापायी थांबल्यात."

मालुबाईंनी डोळे मिटून घेतले आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. मारुतीरावांनी तिकडे बघितलं नाही, कारण फुलचुकी आली होती. नेहमीच्या डहाळीवर बसली. डहाळी तिच्या भारानं खाली वाकली. फुलात चोच घालून ती पळभर स्थिर झाली आणि मारुतीरावांनी हातातला कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला.

बेळगावात तम्मण्णांचं फोटोचं दुकान होतं. माणूस बैलहोंगलाकडचा, कानडी, पण मराठी गिऱ्हाइकांत मुरलेला. फोटो ते बरे काढत, पण त्यांचं नाव होतं ते फोटो सुधारण्यात. टोकदार पेन्सिल आणि बारीक कुंचला घेऊन ते काचेवर बसले की चेहऱ्यावरचे देवीचे व्रण जात, तिरळे डोळे सरळ होत. मेलेल्या माणसाला भिंतीशी बसवून काढलेला फोटो आला तर ते मिटलेले डोळे उघडून देत. बेळगावात जिवंतपणी कोट न घातलेली कितीतरी माणसं मेल्यावर कोटात होती, ती तम्मण्णांच्या कृपेनं.

त्यांनी प्लेट धुऊन उजेडासमोर धरली. काचेवर सगळं उलटं दिसतं, काळं ते पांढरं. जास्वंदीच्या फुलाशी डाळीच्या दाण्याएवढा एक पांढरा ठिपका होता. मारुतीरावांनी तो ओळखला. चोचसुद्धा दिसत होती. त्यांनी काचेला न लावता बोट दाखवलं.

"तम्मण्णा, ती फुलचुकी तेवढी नीट काढा. बाकी कसंबी असू द्या."

"फुलाची चुक्की न्हवं? काढतो की री," तम्मण्णा म्हणाले. "कुठं हुती, पत्ता लागणार न्हाय, असं काढतो."

शेवटचं वाक्य मारुतीरावांना जरा विचित्र वाटलं. पण कानडी माणसाचं मराठी, म्हणून ते तसेच घरी आले. आता चुक्की म्हणजे कानडीत ठिपका, डाग. लढाईच्या दिवसांतल्या प्लेटींवर असले डाग पडतच. आणि मराठी भाषेची करणी अशी की चित्र काढतात तेही काढणंच, आणि डाग काढतात तेही काढणंच. तम्मण्णांनी आयुष्यभर लोकांच्या तोंडावरच्या चुक्क्या काढल्या होत्या. त्यांनी फुलाजवळची ती एवढीशी पांढरी जागा एकेका पेन्सिलटिंबानं भरत आणली. पाखरामागं आभाळ होतं तिथं आभाळ केलं, पान होतं तिथं पान केलं, आणि वरून रोगण चढवलं. दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही.

फोटो हातात घेतल्यावर मारुतीरावांनी तो आधी उलटा करून बघितला, मग पाठीमागे बघितलं.

"फुलचुकी कुठाय?"

"काढली की!" तम्मण्णा अभिमानानं म्हणाले.

चूक कळल्यावर तम्मण्णा खाली बसले. मारुतीराव ओरडायला उभे राहिले होते, पण त्या माणसाचा चेहरा बघून त्यांना ओरडवेना. तम्मण्णांनी रोगण उतरवून पाखरू परत आणायचा प्रयत्न केला. रोगणाबरोबर काचेवरचा थरच सोलून आला, जास्वंदीसकट. प्लेट गेली. कागदावरचा तो एकच फोटो राहिला, त्यात फुलचुकी नव्हती, आणि सकाळी मिरजेची गाडी होती.

घरी येताना मारुतीरावांनी वाटेत दोन-तीन थापा तयार केल्या. दुकानाला आग लागली, फोटो हरवला, तम्मण्णा गावाला गेले. उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि तिन्ही विसरले. त्यांनी फोटो मालुबाईंच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून जे घडलं ते सांगून टाकलं.

मालुबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "डहाळी वाकलीया न्हवं."

मारुतीराव वळले.

"रिकामी डहाळी अशी वाकत न्हाय. हाय ती. आपल्याला दिसंना झालीया, एवढंच." आणि नवऱ्याचं तोंड बघून त्या हसल्या, या वेळी जपून. "झाड होऊन हुबं ऱ्हायलात माझ्यापायी. आणि काय पायजे?"

सकाळी त्या मिरजेला गेल्या. फोटो कुंकवा-काजळाच्या करंड्यासोबत गाठोड्यात होता. स्टेशनवर मारुतीराव म्हणाले, बरी होऊन आलीस की तुझा काढायचाय, आठवण ठेव. त्यांनी मान हलवली. दोघांनाही तेव्हा ते खरंच वाटलं होतं.

नागपंचमीच्या आधी तार आली. मारुतीराव मिरजेला गेले आणि सगळं आटोपून एकटेच परत आले. गल्लीच्या तोंडाशी टांग्यातून उतरले तेव्हा माग बंद होते. कुणी सांगायची गरज नव्हती.

बाराव्याची तयारी निघाली तेव्हा आण्णाप्पांनी विचारलं, हार घालायला फोटो कुठला? आणि तेव्हा मारुतीरावांच्या लक्षात आलं, मालुबाईंचा एकही फोटो नाही. हायस्कुलाचा कॅमेरा महिनाभर घरात होता. त्यात जास्वंद आली, धूर आला, त्यांचा स्वतःचा अंगठा आला, बायको आली नाही. लगेच तोडगे सुरू झाले. चंपाबाईंच्या जावेचं नाक हुबेहूब मालुबाईंसारखं आहे, तिचा काढून वर कुंकू मोठं करावं, असं एकानं सुचवलं. तम्मण्णा सांत्वनाला आले होते. ते हात जोडून म्हणाले, तुम्ही नुसतं सांगा, मी कुंचल्यानं काढून देतो, जन्मात केलं नसंल असं काम करतो. नाक कसं, हनुवटी कशी, डोळे कसे?

मारुतीराव सांगायला लागले आणि थांबले. इतक्या वर्षांचा संसार, आणि हनुवटी कशी होती ते त्यांना शब्दात सांगता येईना. खाटेवर पडून खिडकीबाहेर बघणारी ती, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. ते सगळ्यांसमोर रडले. हेडक्लार्क असल्याचं त्यांना त्या वेळी आठवलं नाही.

मग ते उठून आत गेले. दवाखान्यातून आलेलं गाठोडं अजून सोडलं नव्हतं. त्यात हिरवं लुगडं होतं, करंडा होता आणि लुगड्याच्या घडीत तो फोटो होता. बाहेर आणून त्यांनी तो तम्मण्णांच्या हातात दिला. "ह्यालाच चौकट करा," ते म्हणाले. "खाटेवरनं तिला असंच दिसायचं."

तम्मण्णांनी चष्मा लावला आणि ते दचकले. वाकलेल्या डहाळीवर, फुलाच्या अगदी जवळ, एक काळा ठिपका होता. काजळाचा. बोटाच्या टोकानं लावलेला, डाळीच्या दाण्याएवढा, आणि एका बाजूला नखानं थोडा ओढून त्याला वाकडी चोच केली होती.

"मारुतीराव," ते हळूच म्हणाले, "ही चुक्की..."

"ती काढल्यालीच हाय, तम्मण्णा," मारुतीराव म्हणाले. "आमच्या मंडळींनी काढलीया."

तम्मण्णांनी फोटो डोळ्यांना लावला, उपरण्यात नीट गुंडाळला आणि चौकटीचं माप घ्यायला ते दुकानाकडे गेले.